हस्की माझ्याच खात्यातला, पण नागपुरात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपर हातात आला की मी आधी छोट्या जाहिराती वाचतो. गेले काही महिने आपल्या रविवारच्या अंकात जुनी स्कूटर आणि सोफासेटच्या मधोमध कुत्र्यांची पिल्लं विकायला असतात. 'हस्की, निळे डोळे, ओरिजनल, पेपरसहित.' भाव असतो, मोबाइल नंबर असतो, पिल्लाची जन्मतारीख मात्र एकाही जाहिरातीत नसते. हे पत्र त्यासाठी.

मी चौतीस वर्षं नागपुरात पोस्टमन होतो. फाटकाला सायकल टेकवून घंटी वाजवणाऱ्याची गाठ मालकाच्या आधी कुत्र्याशीच पडते. मी तीनदा चावा खाल्ला. पहिला एका पांढऱ्याशुभ्र पोमेरियनचा. (आपण ज्याला पोमेरियन म्हणायचो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा, हे निवृत्तीनंतर कळलं. माझ्या पोटरीला फरक पडला नसता.) तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

रामदासपेठेतल्या एका बंगल्यात पेरूच्या झाडाला अल्सेशियन बांधलेला असे. तो झाडाभोवती इतका फिरे की भर पावसाळ्यातही तिथे गवत उगवत नसे. साखळी पुरेल तेवढं बरोब्बर गोल टक्कल पडलेलं, पलीकडे हिरवंगार. मालक कौतुकाने सांगायचे, "फार डेंजर आहे हो." असणारच. ही जात 1899 पासून जर्मनीत मेंढरं राखायच्या कामासाठी घडवलेली. दिवसभर कळपामागे पळायचं ज्याच्या रक्तात, त्याला तुम्ही सहा फूट साखळी दिली. त्याच गल्लीच्या टोकाला एका निवृत्त जोडप्याचा लॅब्रेडॉर होता. स्वभावाने गाय. पण लॅब खायला कधी नाही म्हणत नाही आणि त्या काकू कधी हात आखडत नसत. चार वर्षांत त्याचं गॅस सिलिंडर झालं, पुढे मागचे पाय उचलेनात. "पहिल्यांदाच पाळताय ना, मग लॅब घ्या" हा सल्ला अर्धाच खरा आहे. रोज पळवायला माणूस लागतो आणि घरभर बारा महिने केस असतात, हा उरलेला अर्धा कोणी सांगत नाही.

इतकं पाहूनही आमच्या घरी कुत्रा आणायची वेळ आली तेव्हा मी गप्पच होतो. सहावीतल्या नातीला हस्की हवा होता, मोबाइलवर पाहून. मुलगा तयार, सूनबाई तयार. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात. घर तिसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला. कुत्र्याला फिरवणार कोण, तर मी आणि माझे गुडघे.

खरं सांगायचं तर हस्की मलाही आवडतो. तो माझ्याच खात्यातला. अलास्कात थेट 1963 पर्यंत काही ठिकाणी टपाल कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, जायचं. 1925 साली तिथल्या नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा स्लेजच्या टपाली पद्धतीने, एकाने दुसऱ्याच्या हाती देत, सुमारे हजार किलोमीटर औषध साडेपाच दिवसांत पोचवलं. हाकणाऱ्यांत नेहमी टपाल नेणारे कितीतरी होते. असा कुत्रा! पण ते झालं उणे चाळीसच्या थंडीत.

आमच्या खालच्या मजल्यावर एक हस्की होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता. नातीला घेऊन मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू होता, तरी तो कूलरसमोर नव्हता. न्हाणीघरात, फरशीला पोट चिकटवून, चारी पाय फाकवून पडला होता. जीभ बाहेर. नातीने बरगडीवर हात ठेवला आणि लगेच काढला. "आबा, हा किती जोरात हलतोय." कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. मालकांनी उन्हाळ्यासाठी त्याचे केस भादरायचं ठरवलं होतं, ते डॉक्टरांनी थांबवलं. तो दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर, उन्हापासूनही वाचवतो, आणि भादरला तर पुन्हा धड येईलच असं नाही. त्याला फिरवून आणायचं पहाटे पाचच्या आत. येताना नात जिन्यात काही बोलली नाही. हस्कीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मग आमचीही फजिती झाली. एकाकडे लॅबचं पिल्लू पाहिलं आणि तीन हजार इसार दिला. "दोन महिने पूर्ण, काका." सुदैवाने पलीकडच्याच गल्लीत जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी जबडा उघडून मला बोटाने दाखवलं. मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. जेमतेम पाच आठवड्यांचं पिल्लू. एवढ्यात आईपासून तोडलेलं, लसीचा पत्ता नाही. अशात पार्वो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा आजार, झाला तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. आम्ही ते परत दिलं. इसार बुडाला. ते पिल्लू पुढे कोणाच्या घरी गेलं, ते जगलं का, हे अजून मनात येतं.

शेवटी माझ्या जुन्या ऑफिसच्या सायकल शेडमध्ये राहणारी दीड वर्षाची गावठी कुत्री घरी आली. तपकिरी, एक कान मोडलेला. नात तिला तारा म्हणते, मी तार म्हणतो. मोठी कुत्री आणण्याचा फायदा असा की तिचा स्वभाव आधीच दिसतो. पोरं आली की ती काय करते, फटाक्याला किती घाबरते, सगळं चार दिवस शेडमध्ये बसून पाहता आलं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, शू करायला न्यावं लागतं, ते वाचलं. सगळं गोड झालं असं नाही. तिने सुनेच्या दोन चपला आणि माझी पेन्शनची डायरी खाल्ली, आणि पावसाळ्यात गोचिड काढता काढता माझा चष्मा बदलायची वेळ आली.

देशी घ्या म्हटलं की काही जण एकदम मुधोळवर जातात. 2005 साली खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत तो होता. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचा म्हणून आपल्याला त्याचा अभिमानही आहे. पण तो सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा शिकारी. टू बीएचकेत त्याची गत पेरूच्या झाडाखालच्या अल्सेशियनसारखीच होणार.

आता आपल्याकडे मागणं. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबत केंद्राचे 2017 चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. मग आपण पिल्लाची जन्मतारीख आणि हा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय जाहिरात घेऊ नये. एका ओळीचा खर्च आहे. पत्त्यावर पिनकोड नसेल तर आम्ही टपाल अडवत नव्हतो हे खरं, पण ती पाकिटं होती.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
प्रतापनगर, नागपूर

ता. क. तार कुरियरवाल्या पोरांवर भुंकते, तिथे मी तिला फारसं आवरत नाही. ती पोस्टमनवरही भुंकते, त्यावर मात्र काम चालू आहे.