मंदी नव्हे, मंदावणे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २७ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यसभेत सांगितले की, वाढीचा वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही आणि ती कधी येणारही नाही. दोनच दिवसांनी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतल्या आर्थिक वाढीचा आकडा जाहीर झाला : ४.५ टक्के, म्हणजे सहा वर्षांतला नीचांक. लागोपाठ दोन तिमाहींत अर्थव्यवस्था आकसली तरच तिला मंदी म्हणायचे, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. तेव्हा व्याख्येपुरते मंत्रिमहोदयांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. माझी अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजीत या दोन अवस्थांना ‘स्लोडाउन’ आणि ‘रिसेशन’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीत मात्र वेग ‘मंदावला’ म्हणावे, तर त्याच्या पोटातून ‘मंदी’ डोके वर काढतेच. आणि भोसरीत माझा सगळा व्यवहार मराठीत चालतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे), तीन जुन्या लेथ आणि नऊ कामगार एवढाच पसारा. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये बसणारी बोटभर लांबीची एक पिन आम्ही करतो. ती ज्याला देतो तो पुढच्याला देतो आणि तो पुढचा ट्रकच्या कारखान्याला. गेल्या वर्षी या पिनांचे शेड्यूल, म्हणजे ठरलेली मागणी, महिन्याला बारा हजारांचे असे, ते ऑगस्टपासून साडेचार हजारांवर आले आहे. पण आमच्या साखळीतही मंदी हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. वरच्या कारखान्यात काही दिवस काम बंद ठेवण्याचे नाव ‘ब्लॉक क्लोजर’ असते, मधल्याकडे ‘शेड्यूल रिव्हाइज’ होते आणि माझ्यापर्यंत पोचेतो त्याचे ‘बघू, पुढच्या आठवड्यात फोन करतो’ झालेले असते.

यंदा खंडेनवमीला मशीन पुसायला अर्धा तासही लागला नाही. एरवी आदल्या दिवशीची दुसरी शिफ्ट उरकल्यावर कूलंटचा चिकट थर खरवडता खरवडता सकाळ निघून जाते आणि झेंडूचे हार चढायला दुपार होते. यंदा कडेच्या लेथवर तेलाऐवजी धूळ होती. आमच्या सर्वांत जुन्या टर्नरने हळदकुंकू वाहता वाहता तिचा काम पकडणारा चक हाताने फिरवून पाहिला आणि “जड जातोय शेठ, काम नसलं तरी रोज थोडी फिरवत जाऊ,” एवढेच म्हणाला. मशीनखालचा लोखंडी कीस उचलणारा भंगारवाला पूर्वी दर शनिवारी टेम्पो घेऊन येत असे. आता महिन्यातून एकदा येतो, तोही पोती भरल्याची फोनवर खात्री करून घेऊन. तिमाहीचे आकडे बाहेर यायला दोन महिने लागतात, या गृहस्थाला मात्र ते जुलैतच कळले होते.

सप्टेंबरमध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले की, तरुण पिढी हप्त्यांवर गाडी घेण्यापेक्षा ओला-उबरने जाणे पसंत करते, हेही वाहन उद्योगाच्या दुखण्याचे एक कारण आहे. वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी हे वाचून दाखवले, तेव्हा आमचा सीएनसी ऑपरेटर म्हणाला, “मग त्या टॅक्स्या काय झाडाला लागतात? त्याही कुठंतरी बनत असतीलच की.” मी त्यात एवढीच भर घालतो की, अवजड ट्रकांची विक्री ऑगस्टमध्ये वर्षभरापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती, आणि मोबाइलवरून सोळा टनी ट्रक बोलावून ऑफिसला जाणारा तरुण निदान मोशी-भोसरी रस्त्यावर तरी मला अजून दिसलेला नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २० सप्टेंबरला कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. माझी मात्र भागीदारी संस्था आहे, त्यामुळे ती सवलत शेजारच्या गाळ्यापर्यंत येऊन थांबली. शिवाय करात सूट मिळायला आधी नफा व्हावा लागतो, ही अट कोणी शिथिल केलेली नाही. रिझर्व्ह बँकेने यंदा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, पाच वेळा मिळून १.३५ टक्क्यांनी उतरवला. माझ्या बँकेत त्यातला पाव टक्का पोचला. उरलेल्याची चौकशी केली तर ‘तुमचं कर्ज जुनं आहे’ असे उत्तर मिळाले, जणू ते जुने होण्यात माझाच काही दोष असावा. मशीन बंद असले तरी विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भारापोटीचा आकार, चालूच असतो. बिल फाडले की जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, आणि त्याच बिलाचे पैसे हाती यायला तीन-चार महिने वाट पाहायची. लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा आहे खरा. पण ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचे शेड्यूल हवे त्याच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर, आणि सध्या मुळात पाणीच घोट्याएवढे आहे. या सगळ्यात न मंदावलेला एक कांदा तेवढा दिसतो. त्याने शंभरी गाठल्यापासून कामगारांच्या डब्यात तो चिरून न येता मोजून येतो.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र फार लहान आहे. डिसेंबरपासून शनिवारी वर्कशॉप बंद ठेवायचे ठरले, तेव्हा फळ्यावर कारण लिहिण्याची पाळी माझ्यावर आली. आधी ‘मंदीमुळे’ असे लिहिले, मग संसदेतले निवेदन आठवून ते पुसले. ‘वाढीचा वेग कमी झाल्यामुळे’ हे लिहून पाहिले, तर हेल्पर पोराने कोणाचा वेग असे विचारले, कारण त्याला तो आपल्याच कामावरचा शेरा वाटला होता. शेवटी फळ्यावर ‘शनिवारी सुट्टी’ एवढेच राहिले आहे. त्याखाली कोणीतरी खडूने ‘पगारी का?’ असे लिहून ठेवले आहे, आणि चार दिवस झाले, मी ते पुसलेलेही नाही आणि त्याचे उत्तरही लिहिलेले नाही.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी
५ डिसेंबर २०१९