'हाय नून'ला स्लो म्हणणाऱ्यांना

संपादक साहेब, स.न.वि.वि.

'हाय नून' (१९५२) या हॉलिवूडच्या काउबॉय पिक्चरला स्लो म्हणून नावं ठेवणाऱ्यांचं नवल वाटतं. अहो गोळीबार शेवटीच आहे, खरा पिक्चर त्याआधी, सूड घ्यायला येणाऱ्या गुंडाची वाट बघण्यातच आहे, सारखी घड्याळं दिसतात आणि मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) झालेला गॅरी कूपर मदत मागायला चर्चमध्ये जातो तर लोक सोसायटी मीटिंगसारखी चर्चा करतात अन् वर त्यालाच सांगतात की बाबा तूच गाव सोड! नट जॉन वेनला हा पिक्चर पटलाच नाही, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने तर उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला, तो जास्त मजेदार आहे हे मान्य. पण १९८९ ला पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या निवडणूक पोस्टरवर झळकला तो कूपरच, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. त्याची बायको झालेली ग्रेस केली मात्र मला पिक्चरमध्ये फिकीच वाटते.

- एक वाचक, सातारा