ट्रॅफल्गार चौकातल्या झाडाची टिंगल नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातल्या ख्रिसमसच्या झाडाचा फोटो आपल्या अंकात पाहिला. वर मथळा होता, ‘असलं कसलं हे किडमिडीत झाड!’ डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर या झाडाची टर उडवली जाते. ती लागण आपल्या पानावरही यावी याचं वाईट वाटलं, कारण झाड कुठून आणि का येतं याबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं.

१९४७ पासून हे झाड नॉर्वेची राजधानी ओस्लो दरवर्षी लंडनकरांना भेट पाठवते. त्यामागे दुसऱ्या महायुद्धातली एक आठवण आहे. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. नाझींना सामील झालेला नॉर्वेतलाच पुढारी क्विसलिंग याला पंतप्रधान नेमा, ही हिटलरची मागणी नॉर्वेचे राजे हाकोन सातवे यांनी धुडकावून लावली. दोन महिने ते मायदेशातच तग धरून राहिले आणि नाइलाज झाला तेव्हा ७ जूनला उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेने निघाले. राजाला आणि त्याच्या सरकारला लंडनने आसरा दिला. त्याच सप्टेंबरपासून त्या शहरावर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. स्वतःचं घर पेटलेलं असताना दुसऱ्याला ओसरी देणं सोपं नसतं. इकडे नॉर्वेत जर्मनांनी १९४१ साली लोकांचे रेडिओ जप्त केले, तरी माणसं जिवावर उदार होऊन लपवलेल्या संचांवर लंडनहून येणाऱ्या बातम्या आणि राजाची भाषणं ऐकत. नॉर्वेही हात बांधून बसला नव्हता. त्याची व्यापारी जहाजं सारं युद्धभर मित्रराष्ट्रांसाठी तेल आणि माल वाहत होती. राजे परतले ते ७ जून १९४५ ला, बरोबर पाच वर्षांनी.

आता झाडाच्या रूपाबद्दल. ओस्लोभोवतीच्या जंगलात वाढलेला हा स्प्रूस, म्हणजे थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष, वीस मीटरहून उंच असतो, वय पन्नास-साठ, कधी त्याहूनही जास्त. ऐंशी वर्षांचं झाड निघालं, तर ते युद्धाच्याच सुमारास रुजलेलं! जंगलखात्याची माणसं ते कधी कधी काही वर्षं आधीच हेरून ठेवतात, चहूकडून ऊन मिळावं म्हणून भोवतीची झाडी मोकळी करतात. नोव्हेंबरमध्ये ओस्लोच्या महापौरांच्या आणि लंडनहून आलेल्या पाहुण्यांच्या साक्षीने ते तोडलं जातं. मग फांद्या बांधून समुद्रमार्गे प्रवास. दिव्यांच्या माळाही नॉर्वेच्या रिवाजाप्रमाणे वरून खाली सरळ सोडलेल्या असतात. इतक्या मायेने आलेल्या झाडाची चार फांद्या विरळ आहेत म्हणून चेष्टा करावी, हे मला पटत नाही.

झाडाच्या पायथ्याशी एक पाटी असते. १९४० ते १९४५ या वर्षांत लंडनवासीयांनी केलेल्या मदतीबद्दल नॉर्वेची कृतज्ञता म्हणून ओस्लोने हे झाड दिलं आहे, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. पुढच्या डिसेंबरात फोटो छापाल, तेव्हा मथळ्याच्या जागी एवढा मजकूर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली