जुन्या नाण्यांचा भाव करताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये भरणाऱ्या जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांना अलीकडे चांगली गर्दी होते आणि तीत शाळकरी मुले, नोकरदार तरुण अशी नवी मंडळी मोठ्या संख्येने दिसतात, याचा माझ्यासारख्या जुन्या संग्राहकाला मनापासून आनंद आहे. मात्र व्यापाऱ्याच्या टेबलाशी जी घासाघीस चालते, तिच्यातली रीत हरवत चालली आहे असे वाटते, म्हणून हे पत्र.

भाव करण्यात गैर काहीच नाही. दुर्मीळ नाण्याला छापील किंमत नसते आणि व्यापारीही थोडी जागा ठेवूनच भाव सांगतो. पण घेण्याचा विचार नसताना केवळ गंमत म्हणून ‘शेवटचे किती?’ असे विचारत टेबलामागून टेबल फिरणे, भवानीही झालेली नसताना सांगितलेल्या किमतीच्या चौथाईत नाणे मागणे, किंवा मोबाइलवर कोणत्या तरी विक्रीचे चित्र व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरून ‘हे बघा, इथे निम्म्यात आहे’ असे चारचौघांत सुनावणे, याला भाव करणे म्हणता येत नाही. त्या चित्रातले नाणे खरे आहे की ओतीव नक्कल, त्याचे वजन किती, ते घासून चकचकीत केलेले आहे का, यातले काहीच चित्रावरून कळत नाही.

नाणे हातात घेण्यापूर्वी विचारावे, टेबलावरील कापडाच्या वरच ते कडेला धरावे, चेहऱ्यावर बोट टेकवू नये, आणि भिंगाखाली दोन्ही बाजू निवांत पाहून मगच भावाचे बोलावे. हे झाल्यावर केलेल्या मागणीला वजन येते, कारण मग आपण नाण्याविषयी बोलत असतो. ‘अक्षरे एका बाजूने बाहेर गेली आहेत’, ‘कडेला टाक्याची खूण आहे, पूर्वी दागिन्यात असावे’ असे दाखवून दिले, तर चांगला व्यापारी ते मान्य करतो आणि किंमत उतरवतो. ‘असली नाणी ढिगाने मिळतात’ म्हणणाऱ्याला तो उत्तरही देत नाही. ढिगाने मिळतात तर हा इथे का उभा आहे, असे त्याला वाटत असल्यास त्याचे काय चुकले?

ब्रिटिश अमदानीतल्या चांदीच्या रुपयाबाबत तर साधा हिशेब ठाऊक असला तरी अर्धे वाद मिटतील. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. सहाव्या जॉर्जच्या युद्धकाळातील रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे. सराफ बाजारात त्या दिवशी चांदी काय भावाने आहे हे पाहून आले, की मोडीच्या किमतीखाली व्यापारी का उतरत नाही हे आपोआप समजते. त्यापुढची किंमत दुर्मीळपणाची आणि स्थितीची असते. एका प्रदर्शनात एक तरुण पाचव्या जॉर्जचे १९११ आणि १९१२ चे दोन रुपये शेजारी ठेवून, एकाच राजाच्या रुपयांच्या किमतीत एवढा फरक कसा, म्हणून तावातावाने भांडत होता. व्यापाऱ्याने शांतपणे भिंग पुढे केले. राजाच्या झग्यावरील साखळीत जो हत्ती आहे, तो १९११ च्या नाण्यात सोंड आखूड पडल्याने डुकरासारखा दिसतो. त्यावर तक्रारी झाल्या, टाकसाळीत पडून असलेली बहुतेक नाणी वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. तरुणाचा आवाज तिथेच खाली आला आणि व्यवहारही झाला.

आपल्या जिल्ह्यात तर विचारून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप पुन्हा मारलेले होते. त्यामुळे नहपानाचे कोणतेही नाणे ‘जोगलटेंभीचेच’ म्हणून पुढे केले जाते. तसा काही कागद आहे का, हे नम्रपणे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. नसेल तर त्या नावाचे वेगळे पैसे देऊ नयेत. शिवराईचेही तेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली ही तांब्याची नाणी महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. तेव्हा पेशवाईतली दुदांडी शिवराई कोणी शिवकाळातली म्हणून विकत असेल, तर तिथे स्पष्ट बोलणे हाच शिष्टाचार आहे. शेतात सापडलेले नाणे म्हणून कोणी गुपचूप देऊ करत असेल, तर भावाचा प्रश्नच उरत नाही. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण आकडा बोललो आणि व्यापाऱ्याने ‘बरं, घ्या’ म्हटले, की व्यवहार झाला. त्यानंतर आणखी शंभर रुपये सोडा म्हणणे, किंवा ‘बाजूला ठेवा, पैसे घेऊन येतो’ असे सांगून परत न येणे, हे अत्यंत वाईट आहे. त्या अवधीत त्याने दुसरे गिऱ्हाईक परत पाठवलेले असते. खात्री नसेल तर आकडा बोलू नये. पैसे कमी असतील तर विसार द्यावा. दुसऱ्याचा भाव चालू असताना मध्येच चढी बोली करणेही तितकेच अशोभनीय.

व्यापाऱ्यांनाही एक कळकळीचे सांगणे आहे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर नाण्यांचा डबा घेऊन येणाऱ्या पत्नीला किंवा मुलांना त्यातले काहीच ठाऊक नसते. अशा वेळी डब्यातले एक मोलाचे नाणे मनात हेरून सगळा डबा वजनावर मागणे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. व्यापाऱ्याला नफा हवाच. माल वर्षानुवर्षे पडून राहतो, टेबलाचे भाडे असते. तो नफा उघड सांगून घ्यावा: ‘हे नाणे मी इतक्याला विकेन, तुम्हाला इतके देऊ शकतो.’ इतके ऐकून कोणी माघारी जात नाही.

नव्या संग्राहकांनी खरेदीआधी एकदा अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन यावे. १९८० पासून ती आपल्या दारात आहे आणि अस्सल नाणी पाहून डोळा तयार झाला, की भाव करायला बोलावे लागते तेही थोडेच.

पुढील प्रदर्शनाच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर किंमत लिहिलेली असावी, विक्रीच्या पावतीवर नाण्याचे वर्णन आणि वजन यावे, आणि नाणे नकली ठरल्यास ठरावीक मुदतीत पैसे परत मिळतील असे टेबल देतानाच व्यापाऱ्यांकडून लिहून घ्यावे.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक, पंचवटी, नाशिक