मायच्या दोन फायली

भुसावळ

प्रिय मित्रा,

मायच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय आणि वरून साखरही अडीचशेच्या पुढे, हे वाचून जीव खालीवर झाला. पण ‘हृदयाचं एका डॉक्टरकडे, शुगरचं दुसऱ्याकडे’ असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. ही दुखणी एकमेकांत अडकलेली आहेत रे.

हृदय थकलं की शरीर अ‍ॅड्रेनलिनसारखी ताणाची रसायनं सतत सोडतं, त्यानं साखर वाढते. चालणं-फिरणं थांबलेलं, त्यामुळे स्नायूही इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. मिठामागून पाणी, पाण्यामागून सूज आणि दम. तेव्हा ‘चोरून गोड खाते’ म्हणून मायला बोलू नकोस.

मेडिकलवर बसून मला धास्ती वाटते ती तीन औषधं एकत्र असलेल्या शुगरच्या गोळीची. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि बारीक अक्षरांत पायोग्लिटाझोन. हे तिसरं अंगात पाणी साठवतं, हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे मायसारखं हृदय थकलेलं असताना, ते टाळायचं असतं. पट्टी उलटून वाच. सापडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आपल्या मनानं काही बंद करू नकोस.

डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या औषधाचं मात्र डॉक्टरांना जरूर विचार. ते लघवीवाटे साखर आणि थोडं मीठ बाहेर काढतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झालेल्या 2019 च्या डापा-एचएफ अभ्यासात हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय आणखी बिघडणं साधारण चौथ्या हिश्शानं कमी झालं, शुगर नसलेल्यांतही. पेटंट संपल्यापासून ते स्वस्तही झालंय. फक्त जुलाब-उलट्या असताना किंवा कडक उपासाला ते घ्यायचं का, हे आधी विचारून ठेव. माय एकादशी सोडणार नाही, मला माहीत आहे.

घरच्या बागेतली केळी मायला द्यायची का, विचारलंस. साखरेइतकाच प्रश्न पोटॅशियमचा आहे. तिला अल्डॅक्टोन (अंगात पोटॅशियम धरून ठेवणारी हृदयाची गोळी) चालू असेल तर रक्त तपासल्याशिवाय रोज केळं नको. शेवभाजी, पापड, लोणचं तर आजपासून कमी. कळण्याची भाकरी खाऊ दे, पण पिठात मीठ नको.

आणखी एक. हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळीनं साखर उतरल्यावरची धडधड कळत नाही, घाम मात्र येतो. रात्री अंग ओलं लागलं तर आधी साखर तपास. सत्तरच्या खाली असेल तर लगेच साखरपाणी दे.

पुढच्या तपासणीला दोन्ही फायली आणि सगळ्या पट्ट्या एकाच पिशवीत घे. तारीख कळव, दुकान भावावर सोडून मीही येतो.

तुझाच,
मेडिकलवाला दोस्त