तक्रार: इंडेक्सच्या प्रकारांविषयीचे जुने डॉक्युमेंटेशन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पोस्टग्रेस सेवेची मदत-पाने आवृत्तीनुसार दुरुस्त करण्याबाबत

महोदय/महोदया,

आम्ही आपल्या पोस्टग्रेस (डेटाबेस) सेवेचे सशुल्क ग्राहक आहोत. मदत-पानांवर आवृत्ती निवडण्याची सोय आहे. पण १४ निवडा की १८, ‘इंडेक्सचे प्रकार’ (इंडेक्स म्हणजे टेबलातल्या ओळी लवकर शोधण्यासाठीची सूची) या पानावरचा एक शब्दही बदलत नाही.

हॅश या प्रकारचा इंडेक्स वॉलमध्ये (बदल आधी लिहून ठेवणाऱ्या नोंदवहीत) नोंदला जात नाही, क्रॅशनंतर तो पुन्हा बांधावा लागतो, असे आपण आजही लिहिता. ही अडचण २०१७ मध्ये आवृत्ती १० आली तेव्हाच संपली. त्याच्या खऱ्या मर्यादा (फक्त ‘बरोबर’ची तुलना, एकच कॉलम, युनिक म्हणजे किंमत दुबार येऊ न देणारा इंडेक्स नाही) मात्र पानावर कुठेच नाहीत. एसपी-जिस्ट या दुसऱ्या प्रकाराला इन्क्लूड (इंडेक्समध्ये जादा कॉलम नुसते साठवणे) चालत नाही, हे विधानही १३ पर्यंतच खरे होते.

सर्वात महाग पडते ती बी-ट्री या नेहमीच्या प्रकाराची गोष्ट. आवृत्ती १३ पासून बी-ट्री सारखी किंमत एकदाच ठेवून तिच्यापुढे ओळींच्या पत्त्यांची यादी जोडते. स्टेटस किंवा फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) अशा, त्याच किमती पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलमवरचे इंडेक्स त्यामुळे बरेच लहान होतात. (न्यूमेरिक व फ्लोट या संख्या-प्रकारांच्या कॉलमवरच्या आणि इन्क्लूड असलेल्या इंडेक्सना हे लागू नाही, तेही लिहा.) पण १२ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून पीजी_अपग्रेडने (आवृत्ती बदलण्याच्या साधनाने) आलेली इंडेक्सची फाइल जशीच्या तशी पुढे येते; रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधल्याशिवाय, हा फायदा मिळत नाही. आपल्या अपग्रेडच्या पायऱ्यांत रीइंडेक्सचा उल्लेखच नाही, आणि साठवणुकीचे पैसे तर आपण जीबीमागे घेता! उलट, मदत-पानांत इतरत्र रीइंडेक्सने लेखन थांबते असा इशारा तेवढा आहे. पण १२ पासून लेखन न थांबवणारे ‘रीइंडेक्स कन्करंटली’ आहे. त्याला जुना आणि नवा दोन्ही इंडेक्स मावतील एवढी डिस्क मोकळी लागते. मध्येच फसले तर ‘_सीसीन्यू’ शेपटीचा अवैध इंडेक्स मागे राहतो, तो ड्रॉप करून आज्ञा पुन्हा द्यावी लागते. ग्राहकाला हे माहीत असायला हवे.

पान हाताने जपले जाते, म्हणून ते मागे पडते. प्रत्येक विधानापुढे ‘आवृत्ती अमुकपासून’ असे लिहा. कोणत्या प्रकाराला काय चालते याचा तक्ता हाताने न लिहिता प्रत्येक आवृत्तीवर ‘पीजी_इंडेक्सॅम_हॅज_प्रॉपर्टी’ या पोस्टग्रेसच्याच फंक्शनला ‘कॅन_इन्क्लूड’, ‘कॅन_युनिक’, ‘कॅन_मल्टी_कॉल’ (एकाहून जास्त कॉलम) विचारून तयार करा, आणि उत्तर बदलले की पानाचे बिल्ड (पान तयार होऊन प्रसिद्ध होणे) अडवा. उदाहरणांतल्या आज्ञाही तिथेच चालवून पाहा.

अपग्रेडच्या पायऱ्या आधी दुरुस्त कराव्यात आणि बाकीच्या पानांची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक