थंडीत चालणारा कॅमेरा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उत्तरेकडच्या प्रवासाला कोणता कॅमेरा नेणार, याचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचा जीव कॅनन एई-१ वर आहे, ठाऊक आहे मला. कॅमेरा गोड आहे, वादच नाही. पण त्याचं शटर सेलवर चालतं, आणि थंडीत सेलमधली रासायनिक क्रियाच मंदावते. सेल गारठला की बटण दाबत बसा! म्हणून मी निकॉन एफएम२ वर येऊन थांबले आहे. १९८२ चं मॉडेल, शटर पूर्ण मेकॅनिकल, सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत सगळे स्पीड सेलशिवाय चालतात. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. तिथेही दोन बटणसेलऐवजी एकच लिथियम सेल बसतो, तो गारठा जास्त सोसतो. पेंटॅक्स के१००० हाही असाच दणकट, पण त्याची धाव १/१००० पर्यंतच. लख्ख उन्हात, बर्फावर मला त्यापुढचा स्पीड हाताशी हवा.

अर्थात मॉडेल ठरलं म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या कॅमेऱ्यातलं वंगण थंडीत घट्ट होतं, शटरचे पडदे रेंगाळतात. वाईट म्हणजे फोटो काढताना त्याचा पत्ता लागत नाही, रोल धुतल्यावर कळतं. त्यामुळे चकचकीत पण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला कॅमेरा मला नको. घासलेला चालेल, वापरातला हवा. शिवाय निघण्यापूर्वी तो उघडून साफ करून घेणार, आणि कडाक्याच्या थंडीत वापरायचा आहे हे कारागिराला आधीच सांगणार, म्हणजे तो योग्य तेल आणि तेही जेमतेमच लावेल.

फिल्म आपोआप पुढे ओढणारी मोटर ड्राइव्ह नेणार नाही. गारठलेली फिल्म ठिसूळ होते, हिसका बसला की फाटते. कोरड्या हवेत ती भरभर सरकली तर स्थिर विजेने तिच्यावर फांद्या फुटल्यासारख्या रेघा उमटतात, त्या वेगळ्याच. लीव्हर हातानेच, सावकाश ओढायचा. रोल मागे गुंडाळतानाही तेच.

आई म्हणेल, कॅमेरा कोटाच्या आत ठेव. तिला सांगा, तसं करायचं नसतं. अंगाची वाफ त्यावर बसते आणि बाहेर काढला की गोठते. ऊब द्यायची ती जादा सेलना. कॅमेरा थंडच राहू द्यायचा, आणि घरात नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा. मग दव पिशवीवर धरतं. आतला गारठा पुरता जाईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

कॅप्टन स्कॉटच्या १९१० च्या अंटार्क्टिक मोहिमेतले छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची जीभ एकदा कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली. सोडवताना कातडी निघाली! तेव्हा नाक-गाल टेकतात त्या मागच्या भागावर मी कापडी टेप लावणार आहे, आणि जाड हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे घालणार आहे. बर्फ पाहून मीटर फसतो, त्यामुळे एक-दोन स्टॉप जादा द्यायचे, म्हणजे दुप्पट-चौपट प्रकाश पडू द्यायचा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

लेन्सचं तेवढं ठरत नाही. तुम्ही ५० मिमी म्हणाल. मला ३५ बरी वाटते, पण फोकसची रिंग हातमोजे घालून फिरवता आली पाहिजे. तुमचं मत कळवा.

आईला नमस्कार.

तुमची,
छकुली